परगावच्या मॅचचा टाका

फुटबॉल हा खेळ मला कधी कळला नाही. बावीस धडधाकट गडी एका चेंडूमागे ऊर फुटेस्तोवर धावतात, आणि तो हाती लागला की लगेच लाथ मारून घालवतात. मग हवा होता कशाला? असं मी एकदा आमच्या वन्संना विचारलं. वन्सं म्हणजे ह्यांची धाकटी बहीण. त्या म्हणाल्या, "वहिनी, तू रोज भांडी घासतेस आणि रोज तीच खरकटी करतेस. मी विचारलं का कधी, की घासतेस कशाला?" त्यानंतर मी खेळाबद्दल तोंड उघडलं नाही. पण खेळ बघणाऱ्या माणसांबद्दल बोलायला मला कोणी बंदी घातलेली नाही, आणि त्यांची मळमळ माझ्या पोटात अजून आहे.

वन्सं आमच्याकडे राहायला आल्या त्या नवरा गेल्यावर. गेला म्हणजे मेला नाही हो, नुसता गेला. सकाळी दाढी केली, वस्तरा तसाच फेसाचा टाकला आणि चालता झाला. वन्संनी वस्तरा धुतला, पुसला, त्याच्या डबीत ठेवला आणि आठवड्याभरात दवाखान्याच्या धुलाईत कामाला लागल्या. रडल्या नाहीत, चिडल्या नाहीत. ह्यांना त्याचीच धास्ती वाटायची. रडणाऱ्या बाईला समजावता तरी येतं.

त्या धुलाईत मी एकदा डबा द्यायला गेले होते. भिंतींना घाम फुटलेला, समोरचं माणूस वाफेत दिसत नाही, आणि चादरींचे ढीग. त्या चादरींवर काय काय असायचं ते सांगत नाही, तुम्ही जेवून बसला असाल. प्रत्येक चादरीच्या कोपऱ्यात रंगीत दोऱ्याचा टाका घातलेला. बाळंतिणींच्या चादरीला पिवळा, हाडं मोडलेल्यांच्या चादरीला निळा, असं. म्हणजे धुतल्यावर कुठली चादर कुठे जायची ते चादरच सांगते. ते टाके घालायचं काम वन्संकडे होतं. सुई त्यांच्या पदराला कायम टोचलेली, आम्ही घरात त्यांच्याजवळून जपूनच जायचो.

मॅचला त्यांना पहिल्यांदा ह्यांनीच नेलं. "दिवसभर वाफेत असते, जरा वाऱ्यावर बसेल," म्हणाले. संध्याकाळी दोघं परत आली तर वन्संचा घसा बसलेला. मी घाबरले, म्हटलं कुठे भांडण झालं की काय. हे मला बाजूला घेऊन म्हणाले, "अगं, ही ओरडली. रेफरीला. असं ओरडली की पुढचे लोक वळून बघायला लागले." स्वतःचा नवरा गेला तेव्हा जिच्या तोंडून हूं की चूं निघालं नाही, ती बाई एका परक्या माणसाने शिट्टी चुकीची वाजवली म्हणून ओरडली. मी म्हटलं, असू दे. कुठून तरी निघायलाच हवं होतं.

पुढे हे घरीच राहिले, तरी त्या जात राहिल्या. आणि गावातल्या मॅचपेक्षा परगावच्या जास्त. गावातल्या मॅचला काय, कोणीही जातं. जेवून, हात पुसत जातं. परगावच्या मॅचला पहाटे बसमध्ये बसायचं, अंग आंबवून घ्यायचं, तिथल्या लोकांच्या शिव्या खायच्या, पावसात उभं राहायचं, हरायचं, आणि तेवढाच रस्ता परत यायचं. मला विचाराल तर हा शहाण्या माणसाचा धंदा नाही. पण त्यात एक मेख होती. परगावच्या मैदानात आपल्या टीमच्या माणसांना एक कोपरा देतात, तेवढीच मोजकी तिकिटं मिळतात. फालतू मॅच असली की ती तिकिटं कोणी फुकट घेत नाही. मोठी मॅच आली की मात्र जो तो म्हणतो, मी तर जन्मापासून टीमचा.

आधी डब्यात चिठ्ठ्या टाकून वाटायचे. पण चिठ्ठ्या उचलायचा तो टीमच्या चाहत्यांच्या संघटनेचा अध्यक्ष. त्याचं रंगाचं दुकान, म्हणून सगळे त्याला रंगवाला म्हणायचे. दुधावर साय यावी तसं त्याच्या मेव्हण्याचं नाव दर वेळी अलगद वर यायचं. लोक वैतागले. तेव्हा वन्सं सभेत उभ्या राहून म्हणाल्या, "चादर कुठल्या वॉर्डाची ते चादर सांगते. माणसाचंही तसंच करू."

तेव्हापासून टाका सुरू झाला. टीमचा मफलर सगळ्यांकडे असायचाच. परगावच्या मॅचला अर्धा खेळ झाला, गडी पाणी प्यायला गेले, की वन्सं सुईदोरा घेऊन त्या कोपऱ्यातल्या रांगारांगांतून फिरायच्या आणि हजर असलेल्या प्रत्येकाच्या मफलरच्या काठाला एक टाका घालायच्या. स्वतःच्याही. मोठी मॅच आली की ज्याच्या काठाला जास्त टाके, त्याला आधी तिकीट. चार मॅच पावसात भिजलेला माणूस कोरड्याच्या पुढे. एवढंच. आणि वन्संची अट एकच: "मी माझ्या डोळ्यांनी आत पाहिलं तरच टाका." एकदा त्यांना ताप होता, त्या गेल्याच नाहीत. तर त्या दिवशी कोणालाच टाका पडला नाही. लोक कुरकुरले. वन्सं म्हणाल्या, "ज्याला पाहिलं नाही त्याला टाका नाही. आज तुला न बघता दिला तर उद्या रंगवाल्याच्या मेव्हण्याला कसा नाकारू?"

बस कायम एकच असायची आणि चालवणाराही एकच. आम्ही त्यांना बसवालेच म्हणायचो. काडीसारखे, खांद्यावर काच पुसायचं फडकं, आणि बोलणं इतकं कमी की हॉर्न बरा. एका गावात समोरच्या टीमच्या टवाळांनी बस फोडली होती. तेव्हापासून ते बस सोडून हलत नसत. मॅच चालू असताना मैदानाच्या मागे, बसमध्ये डोळे मिटून बसायचे आणि आवाजावरून खेळ ओळखायचे. ते सांगायचे, "परगावात आपला गोल झाला की आधी सगळं मैदान चिडीचूप होतं. मग एका कोपऱ्यातून किंकाळी येते. त्यात बाईंचा आवाज वेगळा कळतो." बाई म्हणजे आमच्या वन्सं.

तर एका वर्षी आमची टीम, काय झालं कोण जाणे, जिंकायलाच लागली. शेवटची मॅच परगावची. ती जिंकली तर टीम वरच्या वर्गात जाणार. मैदान लहान, तिकिटं नेहमीपेक्षाही कमी. आणि त्यातली मूठभर रंगवाल्याने आधीच काढून घेतली. म्हणे पाहुण्यांसाठी.

मग सुरू झाली आमच्या दारात रीघ. गुळाला मुंगळे तरी बरे, ते गूळ संपला की जातात. जे लोक रस्त्यात वन्संना बघून न बघितल्यासारखं करायचे, "ती दवाखान्याची धोबीण" म्हणायचे, ते आता "ताई" आणि "माय" म्हणत पायऱ्या चढायला लागले. दातांचा डॉक्टर आला. त्याच्या मफलरवर टाकेच टाके. पण कसे? शिवणयंत्राचे! सरळ रेघेत, एकसारखे, आंधळ्यालाही हाताला लागले असते. वन्संनी मफलर उलटसुलट केला आणि विचारलं, "डॉक्टर, दात पण असेच बसवता का?" तो हसला. वर म्हणतो, "बरं, मग कसं जमवायचं?" लाज नावाची चीज त्याच्या अंगाला शिवलेली नव्हती, ना हाताने ना यंत्राने.

पण शिसारी आली ती गादीवाल्याच्या पोरांची. गादीवाला म्हणजे गाद्या-सोफे शिवणारा एक म्हातारा. परगावच्या मॅचला वन्संच्या शेजारी तो ठरलेला. त्या थंडीत तो वारला. मुलगा आणि मुलगी बापाला बघायलाही फिरकत नसत. शेवटच्या आजारात त्याला सूप नेऊन देत होते ते बसवाले. आणि आता दोघं बापाचा मफलर घेऊन आमच्या स्वयंपाकघरात उभे.

"बाबांचे टाके आता माझे," मुलगा म्हणाला. "मी थोरला."

"थोरला म्हणे! मफलर माझ्या घरात होता," बहीण म्हणाली.

"तू नेलास म्हणून होता. अंगावर माती पडायच्या आधी कपाट उघडलंस."

"आणि तू घड्याळ नेलंस ते?"

वन्सं म्हणाल्या, "अरे, टाके तुमच्या वडलांनी पावसात उभं राहून घेतले. तुम्ही कशात उभे राहिलात?"

ऐकतंय कोण! त्याने एक टोक धरलं, तिने दुसरं. मी ओट्याशी उभी, हातात उलथनं. बघता बघता मफलर मधोमध टरकला. आणि तुम्हाला खोटं वाटेल, पण दोघं भांडायचे थांबले ते लाजेने नाही. आपापल्या तुकड्यावर कोणाकडे जास्त टाके आले ते बघायला थांबले. मी म्हटलं, "दोघं बाहेर व्हा, नाहीतर हे उलथनं तापवते." गेल्यावर मी फरशी पुसून काढली. सांडलं काहीच नव्हतं, तरी पुसली.

त्याच दुपारी बसवाले आले. वेळ विचारायला, किती वाजता बस लावू म्हणून. पाण्याचा पेला उचलताना त्यांचा हात पेल्याच्या शेजारी पडला. वन्संनी ते पाहिलं. विचारलं, तर म्हणाले, "डोळ्यांवर पडदा येतोय. ही शेवटची खेप. पुढच्या महिन्यापासून पोराला दिली बस." उठता उठता दारात थांबले आणि म्हणाले, "बाई, आत हिरवळ असते ती टीव्हीत दिसते तेवढी हिरवी असते का हो?"

"तुम्ही कधीच पाहिली नाही?"

"बसला कोण बघणार?" म्हणाले आणि गेले.

वन्संनी त्यांचा पेला उचलून विसळला आणि म्हणाल्या, "वहिनी, इतकी वर्षं मी सगळ्यांना टाके घातले. जो सगळ्यांना घेऊन गेला त्याच्या अंगावर एक नाही." मी म्हटलं, "मग घाला की." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी गुपचूप कणीक मळायला घेतली.

त्यांनी सभेत विचारायचं ठरवलं. मला म्हणाल्या, "सोबत चल. नाहीतर मी कोणाला तरी सुई टोचेन." संघटनेची खोली टायरच्या दुकानावर. रबराचा वास, चहाच्या कपांत विझवलेल्या विड्या, भिंतीवर जिंकलेल्या एकमेव कपाचा फोटो, त्यावर माश्यांनी केलेली घाण. ज्यांना तिकिटं मिळणार होती ते सगळे जमलेले. वन्सं उभ्या राहिल्या.

"एक तिकीट बसवाल्यांना द्यायचंय. त्यांची ही शेवटची खेप. पुढे डोळे राहतील की नाही सांगता येत नाही. एकदा आत बसून मॅच बघू दे त्यांना."

घसा साफ केल्याचे आवाज आले. मग शाळेतले मास्तर उठले. हे मास्तर दर वर्षी वन्संच्या निःस्पृहपणावर भाषण करायचे. म्हणाले, "बाई, आपल्याबद्दल आदर आहेच. पण टाका?"

"हो ना, टाका कुठाय?" मागून कोणीतरी.

"नियम तुमचाच आहे, ताई."

"दारापर्यंत आणतो म्हणून तिकीट द्यायचं, तर मी आमच्या दूधवाल्याला घेऊन येतो. तो रोज दारापर्यंत येतो!" यावर लोक हसले. खदाखदा हसले हो. त्यातले निम्मे झिंगले असताना त्या बसवाल्यांनीच त्यांना उचलून घरी सोडलेलं.

रंगवाला खुर्चीत रेलून म्हणाला, "भावनेवर संघटना चालत नाही."

"तुमच्या पाहुण्यांना किती टाके?" वन्संनी विचारलं.

"ते वरून आलेलं आहे."

"वरून पाऊसही येतो. त्यात तुमचे पाहुणे कधी भिजलेले दिसले नाहीत."

रंगवाल्याचा चेहरा पडला, पण कोणी त्याला काही विचारलं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी. वन्सं म्हणाल्या, "बरं. नियमाबाहेर नको. तुमच्यापैकी कोणी आपलं तिकीट देतं का?" सगळे आपापल्या बुटांकडे बघायला लागले. एवढं निरखून स्वतःचे बूट बघणारी माणसं मी चपलांच्या दुकानातही पाहिली नाहीत. कोपऱ्यात टपरीवर चहा विकणारी एक बाई होती, तिच्या मफलरला बरेच टाके होते. तीही खाली बघत राहिली. वन्संनी पिशवी उचलली. जिन्यात मी पिचकन थुंकले. वन्सं म्हणाल्या, "वहिनी, जिना टायरवाल्याचा आहे. त्याने काय केलंय?"

मॅचच्या दिवशी त्यांनी मलाही बसमध्ये घातलं. रंगवाल्याचे पाहुणे त्यांच्या गाड्यांतून येणार होते, म्हणून जागा होती. वाटेत सगळे गात होते. बसवाले नेहमीपेक्षा हळू चालवत होते. मैदानामागे बस लागली, लोक धक्काबुक्की करत उतरले. वन्सं शेवटी उठल्या आणि आपलं तिकीट बसवाल्यांच्या हातावर ठेवलं.

ते तिकिटाकडे बघतच राहिले. "आणि बस?"

"बस काय पळून जातेय? मी आहे, वहिनी आहे. दोन म्हाताऱ्यांच्या वाटेला जायची टवाळांची छाती होणार नाही."

"तुमचे टाके वाया जातील, बाई."

"टाके मफलरला आहेत. ते कुठे जातात? चला, उशीर होईल. आणि रेफरीला माझ्या वाटचं ओरडा."

खांद्यावरचं फडकं काढून त्यांनी आपले बूट पुसले, मग तेच फडकं घडी करून खिशात ठेवलं आणि मैदानाच्या दाराकडे निघाले. दारापाशी एकदा वळून त्यांनी बसकडे पाहिलं. लेक सासरी पाठवताना बघतात तसं.

मग आम्ही दोघी त्या रिकाम्या बसमध्ये. खाली शेंगांची टरफलं, कोणाचा तरी मोजा, सीटवर काहीतरी चिकट. आतून आवाज यायला लागला. एकदा मोठी गर्जना झाली. मी विचारलं, "काय झालं?"

"मला काय माहीत? मी काय बसवाली आहे?" वन्सं म्हणाल्या, पण मान खिडकीबाहेर.

अर्धा खेळ संपल्याची शिट्टी झाली तेव्हा त्यांचा हात आपोआप पदराच्या सुईकडे गेला. दोरा ओवून झाल्यावर त्यांच्या ध्यानात आलं. मग इकडेतिकडे बघितलं आणि माझ्या बाहीचं लोंबणारं बटण शिवून टाकलं.

नंतर कधीतरी मैदान एकदम चिडीचूप झालं. असं की बाहेरचे कावळे ऐकू आले. आणि एका कोपऱ्यातून किंकाळी उठली. वन्संनी माझा हात असा दाबला की बांगडी रुतली. "आपला," म्हणाल्या. "वहिनी, आपला!"

टीम जिंकली. लोक नाचत आले. कोणाचे शर्ट फाटलेले, कोणी रडतोय, मास्तर कोणाच्या तरी खांद्यावर. आणि नाचून झाल्यावर बसच्या पायरीशी रांग लागली. मफलर पुढे.

"ताई, टाका."

"आजचा टाका सोन्याचा! जरा ठसठशीत घाला, नातवंडांना दाखवायचाय."

"आधी माझा, मी पुढे उभा होतो."

वन्सं पायरीवर बसल्या होत्या. म्हणाल्या, "कसला टाका?"

"आजच्या मॅचचा!"

"मी आत नव्हते. तुम्ही आत होता की बाहेर भेळ खात होता, मला काय ठाऊक?"

पहिल्यांदा हसले सगळे. मग त्यांना कळलं की ती थट्टा नाही. मास्तर खांद्यावरून खाली उतरले. "बाई, हे काय? आम्ही सगळे एकमेकांचे साक्षीदार आहोत!"

"नियम माझाच आहे ना, मास्तर? तुम्हीच म्हणालात. पाहिलं नाही त्याला टाका नाही."

"पण आज नाही तर कधी!" एकाच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. चार दिवसांपूर्वी ते डोळे बुटांवर होते. दूधवाल्याचा विनोद करणारा तर म्हणायला लागला की तिकिटाचा फाटका तुकडा बघा, त्यावर शिक्का आहे. वन्संनी सुई पदराला उलटी टोचली.

चहाची टपरीवाली मफलर गुंडाळून सीटवर जाऊन बसली. मला तिची दया आली. मी वन्संच्या कानाशी म्हटलं, "तिला तरी घाला. ती हसली नव्हती."

"हसली नव्हती. बोललीही नव्हती," वन्सं म्हणाल्या.

तीच बाई मग सांगत होती की रंगवाल्याच्या पाहुण्यांची रांग अर्ध्या खेळानंतर रिकामीच होती. आत खाणंपिणं मांडलं होतं, ते तिथून उठलेच नाहीत. गोल झाला तेव्हा त्या खुर्च्यांवर नुसती कागदी ताटं होती. बसमधल्या लोकांना त्याचं काहीच नव्हतं. त्यांचं दुःख वेगळं होतं, ते मांडीवर घेऊन बसले होते, काठ चाचपत. टीम जिंकलेली आणि बस सुतकातली, असा तो परतीचा प्रवास.

बसवाल्यांनी मात्र मफलर पुढे केला नाही. त्यांच्याकडे नव्हताच. ते आले, फडकं काढून काच पुसली आणि आपल्या जागेवर बसले. गाव मागे पडल्यावर वन्संनी विचारलं, "मग? हिरवळ?"

"टीव्हीपेक्षा हिरवी," ते म्हणाले. "डोळ्यांना त्रास होण्याइतकी."

"आणि गोल?"

त्यांनी गिअर बदलला आणि म्हणाले, "बाई, तुम्हाला सांगायला लाज वाटते. आवाज वाढायला लागला आणि सवयीने डोळे मिटले हो. उघडले तोवर चेंडू जाळीत."

वन्सं हसायला लागल्या. आधी हळू, मग इतक्या की मागचे दुखवट्यातले लोक माना वर करून बघायला लागले. बसवालेही हसले. एवढ्या वर्षांत त्यांचे दात मी पहिल्यांदा पाहिले.

हसू ओसरल्यावर मी वन्संना विचारलं, "आता पुढच्या मोठ्या मॅचला तिकिटं कशी वाटायची? हे सगळे उद्या परत आपल्या दारात येतील."

"मला काय विचारतेस?" वन्सं म्हणाल्या आणि आपला मफलर माझ्या मांडीवर टाकला. "मी पण आता त्यांच्याच रांगेत. मलाही आजचा टाका नाही."